धाव, डनलॉप आणि एमजीचे चाक

टायरला कसला आलाय इतिहास, असे कुणीही म्हणेल. पण आमच्या फैजपूरकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला ‘डनलॉप’च म्हणतात. कंपनीचे नाव गाडीला चिकटले ते कायमचे.

त्याआधी लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव. धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. लोखंड आकसले की आरे घट्ट आवळले जात. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल होई, मग चाके पाण्यात भिजत ठेवत.

हवेच्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनची. त्याने १८४५ मध्ये पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. पुढे १९३६ मध्ये बंगालात साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, नेहरू अध्यक्ष होते. योगायोगच म्हणायचा!

हे सगळे आठवायला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. त्याच्याकडे १९४८ ची ‘एमजी टीसी’ आहे, इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनची, तारांच्या आऱ्यांची दोन आसनी स्पोर्ट्स कार. टायर बदलायचे होते आणि सल्ले देणारे तीन. पहिला म्हणे, नक्षी शाबूत आहे, जुने मूळ टायर राहू दे, प्रदर्शनात मान मिळतो. दुसरा म्हणे, लहान रिम घालून आधुनिक रेडियल बसव. तिसरा गमतीत म्हणाला, तुझी रिम १९ इंची, आमच्या डनलॉपचीही १९ इंची, तेच लाव!

तिसऱ्याचे आधी पाहू. व्यास जुळला म्हणजे टायर जुळला असे नाही. टीसीचा टायर ४.५०-१९, म्हणजे साडेचार इंच रुंद. बैलगाडीचा त्याहून रुंद, आणि बैलाच्या चालीसाठी केलेला. मोटारीच्या वेगाला तो टिकणार नाही.

रेडियल मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट केला, बाजारात १९४९ मध्ये आला. टीसी १९४५ ते १९४९ मधली, म्हणजे तिची आखणी क्रॉसप्लायसाठी. क्रॉसप्लायमध्ये दोरे तिरपे, एकमेकांना छेदत जातात. रेडियलमध्ये काठापासून काठापर्यंत सरळ. रेडियलची पकड जास्त, म्हणून वळणावर जुन्या रिमवर आणि आऱ्यांवर ताणही जास्त. आणि दोन्ही प्रकार एकाच आसावर तर कधीच नकोत.

पहिला सल्ला सर्वांत घातक. रबर झिजले नाही तरी म्हातारे होते. आपल्याकडच्या उन्हात तर लवकरच. बाजूला बारीक चिरा पडतात, वरून नक्षी नवी दिसते आणि भर रस्त्यात टायर फुटतो. गाडीत बायको-मुले बसतात हो! २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

शेवटी जुन्याच मापाचे, जुन्याच नमुन्याचे, पण नव्याने बनवलेले क्रॉसप्लाय टायर परदेशातून मागवायचे ठरले. सोबत नव्या ट्यूबा, कारण तारांच्या रिममधून हवा निसटते. आणि बसवण्याआधी प्रत्येक तार तपासायची.

“पण सर, मग गाडी अस्सल कशी राहिली?” त्याने विचारले. मी म्हटले, बाबा, आपल्या बैलगाडीची धाव किती वेळा बदलली असेल? ती गाडी आजोबांची नाही असे कुणी म्हटले का? झिजणे हेच धावेचे काम. अस्सलपणा मापात आणि घडणीत असतो, वाळलेल्या रबरात नाही.

तुम्हाला काय वाटते?