बाहेर जाणाऱ्या धुराचं काम : इंजिनाच्या नळीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले. मॉडेल विमानाच्या इंजिनाला मागं जोडायच्या नळीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण मी जन्मभर वर्गात जे शिकवलं ते मुख्यतः कारण आणि कार्य. काम संपल्यावर जे बाहेर पडतं ते पुढच्या कामाचं कारण कसं होतं, हा प्रश्न मला या नळीत दिसतो. आणि बारामतीच्या आकाशात दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, एनसीसीच्या एअर विंगमधली पोरं मॉडेल विमानं करतात, आणि खाली रस्त्यावर बुलेटचे सायलेन्सर काढून लोक कान फोडतात. तेव्हा नळीचा विषय इथं अगदीच परका नाही.

सुरुवात विमानापासून नको, आगगाडीपासून करू. १९१४ साली दौंड ते बारामती ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. ती वाफेची गाडी इथल्या वयस्कर मंडळींनी पाहिलेली असेल. वाफेच्या इंजिनाचा तो 'छुक-छुक' आवाज कशाचा? सिलिंडरमधलं काम आटोपलेली वाफ धुराड्याच्या खाली एका अरुंद तोंडातून वर सोडतात, तिचा तो आवाज. ती वाफ जाताना धुराड्यातली हवा सोबत ओढून नेते, त्यामुळं भट्टीत ताजी हवा शिरते आणि कोळसा फुलतो. १८०४ साली इंग्रज इंजिनिअर ट्रेव्हिथिकनं वापरलेली वाफ धुराड्यात सोडली, तेव्हाच हे त्याच्या लक्षात आलं होतं. गाडी जितकी जोरात ओढेल तितकी वाफ जास्त, तितका विस्तव फुललेला. म्हणजे टाकाऊ वाफच भाता मारते! मात्र ते तोंड फार अरुंद केलं तर वाफ बाहेर जाताना अडते आणि पिस्टनलाच मागं रेटते. फार रुंद केलं तर ओढ राहत नाही. सगळं कसब या दोन टोकांच्या मधे.

दुसरं उदाहरण विहिरीवरचं. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आणि कालवा पोचला नाही तिथं तर जास्तच, वीज येण्याआधी ऑइल इंजिनं टुकटुक करायची. खोलीत धूर कोंडतो म्हणून कुणी त्याला लांबलचक, बारीक पाइप जोडायचा, दोन ठिकाणी वाकवून छपरातून बाहेर काढायचा. मग इंजिन काळा धूर ओकायचं आणि लोडवर दम टाकायचं. जळालेला वायू पुरता बाहेर पडला नाही की नव्या हवेला जागा कमी पडते. म्हणून लोकांनी अनुभवातून एक नियम काढला : मागचं तोंड जितकं मोकळं तितकी ताकद जास्त. विहिरीवरच्या त्या फोर-स्ट्रोक इंजिनापुरता हा नियम ठीक आहे. पण तो सगळीकडं लावला, तिथं घोटाळा झाला.

घोटाळा टू-स्ट्रोक इंजिनात होतो, आणि मॉडेल विमानाचं नेहमीचं छोटं इंजिन हे टू-स्ट्रोकच. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि या इंजिनांना बॅटरी-कॉइलचं ओझं वाहायची गरज उरली नाही. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात एरंडेल, हवं तर थोडं नायट्रोमिथेन. हो, तेच एरंडेल, आजी पाजायची ते!

या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन खाली-वर होताना त्या उघडतो, मिटतो. अडचण अशी की धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजं मिश्रण आत यायची खिडकी काही काळ एकदमच उघड्या असतात. आलेलं ताजं मिश्रण धुराच्या मागोमाग बाहेर सांडतं. नळी काढून टाकली, तोंड सताड मोकळं केलं, तरी हे सांडणं थांबत नाही. इथं मोकळेपणाचा नियम अपुरा पडतो.

यावर उपाय सापडला तो मोटरसायकलच्या शर्यतीत, पूर्व जर्मनीत. वॉल्टर काडेन हा त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यातला इंजिनिअर. युद्धकाळात तो पेनेमुंडेला अग्निबाणांच्या कामावर होता. धुराच्या नळीला आधी पसरत जाणारा आणि मग आवळत जाणारा आकार दिला तर काय होतं, हे त्यानं चिकाटीनं तपासलं. कल्पनेची सुरुवात त्याच्या आधीची आहे, डीकेडब्ल्यूच्या लोकांनीही पसरती नळी लावली होती. पण ती पूर्णत्वाला नेली काडेननं.

होतं असं. खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी रुंदावते तिथून या लाटेचा उलटा पडसाद मागं येतो, म्हणजे ओढ येते. ती सिलिंडरमधला उरलेला धूर खेचते आणि थोडं ताजं मिश्रणही नळीत ओढून घेते. पुढं नळी आवळते, तिथून मात्र दाबाचा पडसाद उलटतो आणि ते सांडलेलं मिश्रण खिडकी मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलतो. बाहेर गेलेला माल दारातूनच परत!

१९६१ साली काडेनच्या १२५ सीसीच्या इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २००, तीही बाहेरून हवा कोंबणारं यंत्र न लावता. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडं पळून गेला, एमझेडची गुपितं घेऊन जपानला सुझुकीकडं पोचला आणि १९६२ मध्ये ५० सीसीचा जगज्जेता झाला. पुढं ही विद्या सगळ्या जपानी टू-स्ट्रोकमध्ये उतरली. आपल्याकडं यामाहा आरएक्स १०० आली तेव्हा ९८ सीसीची ती गाडी दूधवाल्यांच्या १७३ सीसीच्या राजदूतला मागं टाकायची. त्याला कारणं अनेक, पण मागची नळी त्यातलं एक. आणि आपल्या पोरांनी काय केलं? सायलेन्सरच्या आतलं काढून टाकलं, आवाज वाढला म्हणून खूश!

मॉडेल विमानांत ही नळी १९६० च्या दशकात आली. अमेरिकेचे बिल विस्निएव्स्की यांचं नाव त्या संदर्भात घेतलं जातं. तारेला बांधून गोल फिरवायच्या वेगाच्या स्पर्धेत इंजिन २.५ सीसीचं, तार १७.६९ मीटर, कारण त्या तारेवर ९ फेरे झाले की बरोबर १ किलोमीटर भरतो. ट्यून्ड पाइप लावलेली आजची विमानं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातात. म्हणजे ते ९ फेरे १२ सेकंदांत.

आता नळीची लांबी. इंजिन मिनिटाला १५,००० फेरे घेतंय, म्हणजे एक फेरा ४ मिलिसेकंदांचा. ३६० अंशांपैकी साधारण १५० अंश धुराची खिडकी उघडी असते, म्हणजे २ मिलिसेकंदांहूनही कमी. तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास जातो. तेवढ्या वेळात लाट ८० सेंटिमीटर धावेल, जाणं-येणं धरून. म्हणजे परत फिरायची जागा ४० सेंटिमीटरच्या आसपास हवी. फेरे बदलले की हिशेब बदलला. म्हणून ट्यून्ड पाइपचं इंजिन एका ठरावीक वेगाला एकदम उसळतं, 'पाइपवर आलं' म्हणतात त्याला, आणि त्याच्याखाली रडत चालतं. कसरतीचं विमान उडवणाऱ्याला हा स्वभाव नेहमीच परवडेल असं नाही.

साधा मफलर लावला तर फेरे बहुधा थोडे घटतात. ही घट छोटी वाटते, पण पंख्याचा हिशेब वेगळा असतो. पंखा तोच ठेवला तर त्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाप्रमाणं वाढते. फेरे ५ टक्के घटले तर ताकद सुमारे १४ टक्के घटली, आणि १० टक्के वाढले तर ३३ टक्के वाढली असं समजायचं. उलट मफलरचा एक फायदाही आहे. त्यातून एक बारीक नळी इंधनाच्या टाकीत नेतात, धुराच्या दाबानं टाकीतलं इंधन पुढं ढकललं जातं आणि विमान उलटंपालटं झालं तरी इंजिनाला पाजणं बऱ्यापैकी सारखं राहतं. म्हणजे एकच वस्तू एका हातानं घेते, दुसऱ्या हातानं देते. शेजारीपाजारी शिव्या देत नाहीत, हा तिसरा लाभ. माझ्या वयात तोच पहिला वाटतो.

आता थोडं माझ्या घरचं बोलतो. आपले नैयायिक 'अन्यथासिद्ध' असा शब्द वापरतात. कुंभार घडा करतो. माती हवी, चाक हवं, दांडा हवा. पण माती वाहून आणणारं गाढव? ते घड्याच्या आधी तिथं हजर होतं, तरी ते घड्याचं कारण नाही. माती दुसऱ्या कुणी आणली असती तरी घडा झालाच असता. आवाज म्हणजे ताकद समजणारा माणूस या गाढवाला कुंभार समजतो. काटेकोर नैयायिक तर म्हणेल, आवाज गाढवाइतकाही लायक नाही, कारण तो आधी हजरही नसतो. ज्या स्फोटातून ताकद जन्मली त्याचंच ते दुसरं मूल.

पण इथं प्रकरण अजून वळण घेतं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. ट्यून्ड पाइपमध्ये काम कोण करतं? ध्वनीची लाटच. नळीतून परत फिरलेला आवाज इंजिनाच्या कामाला येतो. जो बाहेर पडून तुमच्या-माझ्या कानावर आदळतो, त्याचा इंजिनाला काही उपयोग नाही. ट्यून्ड पाइपही गोंगाट करतो, नाही असं नाही. पण त्या गोंगाटाच्या मोजमापानं त्याची ताकद कळत नाही. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडतात, त्या ढिगात बहुतेक सगळा माल गाढवांचा आहे, कुंभार एखादाच!

इंदापूरकरांसाठी एक गोष्ट राहिली. वालचंद हिराचंदांनी तुमच्या तालुक्यात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवलं, आणि त्याच माणसानं १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. पुढं वालचंदनगरच्या कारखान्यानं इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची कवचं बनवली. अग्निबाणाला पंखा नाही, चाक नाही. मागून जे बाहेर जातं तेच त्याचं सगळं काम. इंजिनात धूर मदतनीस आहे, अग्निबाणात तोच मालक. काडेन अग्निबाणाकडून नळीकडं आला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

शेवटी, जी मुलं हे हातानं करून बघणार आहेत त्यांच्यासाठी. नळी आधी मुद्दाम लांब ठेवा. पंखा, इंधन, प्लग तेच ठेवून टॅकोमीटरनं फेरे मोजा. मग तीन-तीन, चार-चार मिलिमीटर कापत जा आणि दर वेळी वहीत लिहा. फेरे वाढायचे थांबले की कापणं थांबवा. जास्त आखूड झाली तर इंजिन तापतं. आणि फिरत्या पंख्याच्या रेषेत कधी उभं राहू नका, बोटं जातात.

आता प्रश्न घेऊ. मागं कुणीतरी हात वर केलाय, त्यांना माइक द्या.