खाली ठेवलेले वाद्य

माक्स बेकमान या जर्मन चित्रकाराचे ‘आर्गोनॉट्स’ हे तीन फलकांचे चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्याच्यापुढे उभा राहणारा मनुष्य बहुधा मधल्या फलकावर खिळतो आणि उजवीकडे वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रियांना शोभेपुरत्या समजून पुढे जातो. आमच्या मते चित्राचे मर्म त्या स्त्रियांपाशीच आहे.

प्रथम चित्रकाराविषयी दोन शब्द. बाह्य रूपाची हुबेहूब नक्कल सोडून अंतरीचा क्षोभ रंगरेषांतून प्रकट करणाऱ्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांत बेकमानची गणना होते. त्याला स्वतःला मात्र हे बिरुद फारसे रुचले नाही. पहिल्या महायुद्धात त्याने सैनिकांची शुश्रूषा केली आणि १९१५ मध्ये तो मनाने खचून परतला. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याला फ्रँकफुर्टच्या अध्यापकपदावरून दूर केले. पुढे जर्मन संग्रहालयांतील त्याच्या पाचशेंहून अधिक कलाकृती जप्त झाल्या. जुलै १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ म्हणून जे प्रदर्शन मांडले गेले, त्यात त्याचीही चित्रे होती. त्याच सुमारास त्याने पत्नीसह देश सोडला. दहा वर्षे त्याने ॲम्स्टरडॅममध्ये काढली आणि १९४७ मध्ये तो अमेरिकेस गेला.

आता चित्राकडे वळू. डाव्या फलकात चित्रकार आणि हाती तलवार घेऊन मुखवट्यावर बसलेली स्त्री आहे. तिला बहुतेक अभ्यासक मीडिया मानतात. मध्यभागी जेसन व ऑर्फियस हे दोन तरुण आहेत आणि शिडीवरून वर येणारा एक वृद्ध आहे. उजव्या अरुंद फलकात जाड काळ्या रेषांनी जखडलेल्या त्या वादक स्त्रिया दाटीने बसल्या आहेत.

ग्रीक कथेत सोनेरी लोकरीच्या शोधात निघालेल्या वीरांच्या नौकेवर ऑर्फियस हा गायक असतो. गाण्याने खलाशांना मृत्यूकडे ओढणाऱ्या सायरेन स्त्रियांवर तो आपल्या लायर नावाच्या तंतुवाद्याने मात करतो. पुरुषाच्या संगीताने स्त्रियांच्या संगीताला गप्प केले, असा तो प्रसंग! बेकमानच्या चित्रात ऑर्फियसचे वाद्य जमिनीवर पडलेले आहे. वाद्ये आहेत ती स्त्रियांच्या हाती.

मग या स्त्रिया सायरेन म्हणाव्यात काय? तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अभ्यासकांनी त्यांत ग्रीक नाटकातील वृंद पाहिला आहे, आणि तोच अर्थ आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये अथेन्सला झालेल्या युरिपिडीझच्या ‘मीडिया’ नाटकात वृंद कॉरिंथच्या स्त्रियांचा आहे. जेसनने टाकलेली मीडिया आपला बेत त्यांना सांगते. त्या तिला परोपरीने विनवितात, पण मुलांची हत्या थांबवू शकत नाहीत. सर्व काही ठाऊक असून हात बांधलेले असणे हेच वृंदाचे प्राक्तन होय.

बेकमानच्या पिढीतील कलावंताचे प्राक्तन याहून निराळे होते काय? अनर्थ त्याने पाहिला, रंगविला; पण तो टाळणे त्याच्या हाती नव्हते. यावरून कला व्यर्थ, असा निष्कर्ष काढणारे काढोत. या चित्रातील स्त्रिया तसे म्हणत नाहीत. नायकाने वाद्य खाली ठेवले, तरी त्यांनी आपले ठेवलेले नाही. कला संकट टाळू शकत नसेल. परंतु जे घडले ते न घडल्यासारखे होऊ न देणे हे कामही लहान नव्हे.

या चित्राला बेकमानने आरंभी ‘कलावंत’ असे नाव योजिले होते, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी. चित्र पुरे झाले आणि लगोलग, २७ डिसेंबर १९५० रोजी, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालता चालता हृदयविकाराने त्याला मृत्यू आला. चित्रकाराचा कुंचला थांबला. उजव्या फलकातील मैफल मात्र अजून चालू आहे.