पाटीला कायदा, भिंतीला कोण?

कर्जत-खोपोलीच्या बाजारपेठेत ‘आर्किटेक्ट’, ‘इंजिनिअर’, ‘प्लॅन पासिंग’ असे शब्द पाट्यांवर शेजारी शेजारी दिसतात. घर बांधणाऱ्याला ते एकच वाटतात. कायद्याच्या इतिहासात मात्र त्यांची कुळं वेगळी आहेत.

परवाना आधी आला तो शहराच्या गरजेतून. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘लायसन्स्ड सर्व्हेअर’ भेटतो. आर्किटेक्टची देशव्यापी नोंदणी तेव्हा नव्हती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७मध्ये मुंबईत काढलेली संघटना १९२९मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. पण संस्थेचं सभासदत्व म्हणजे कायद्याचं कवच नव्हे. त्यासाठी १९७२ साल उजाडावं लागलं.

१ सप्टेंबर १९७२पासून आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट अमलात आला आणि नोंदणी ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’कडे गेली. पदवी नसली तरी किमान पाच वर्षं हा व्यवसाय केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत येता येत होतं. कॉलेजबाहेर शिकलेल्या मला या तरतुदीचं अप्रूप वाटतं: हातातलं कसब मोजणारी ही खिडकी तेवढ्यापुरतीच उघडली.

या कायद्याचं मर्म कलम ३७मध्ये आहे. नोंदणी नसलेल्यानं ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची नाही. काम करायचं नाही, असं ते म्हणत नाही. मार्च २०२०मध्ये मुकेश गोयल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ पक्का केला. म्हणजे राखलं गेलं ते नाव.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, महाडला, पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. डिसेंबरात राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. कर्जत, खोपोली नगरपरिषदांना ती लागू आहे. माथेरानसारखी गिरिस्थानं वगळलेली. तिच्यात नोंदणीकृत आर्किटेक्टला वेगळा स्थानिक परवाना लागत नाही. इंजिनिअर, सुपरवायझर यांना लागतो.

तेव्हा खरी राखण उपाधीच्या कायद्यात नाही, मंजुरीच्या कागदावर आहे. नकाशा कोणी काढला, लोखंडाचा हिशेब कोणी केला, स्लॅब पडताना कोण उभं राहणार, ही तीन नावं वेगळी असू शकतात. फार्महाऊसवाल्याला ती विचारायला वकील मिळतो. कर्ज काढून दोन खोल्या चढवणाऱ्या गावकऱ्यानं पाया खणण्याआधी ती स्वतःच विचारायला हवीत.