मेलेल्या देशाचा परवाना

1990 साली पूर्व जर्मनी अखेरच्या घटका मोजत होता. बर्लिनची भिंत आदल्या नोव्हेंबरातच पडली होती आणि 3 ऑक्टोबरला तो पश्चिमेत विलीन झाला. त्याआधीच्या काही महिन्यांत, कचेऱ्या जुन्या, कायदे बदलते आणि उद्याचा साहेब कोण हे कुणालाच ठाऊक नाही अशा अवस्थेत, तिथल्या अधिकाऱ्यांनी खेळांवर पैजा घेण्याचे मोजके परवाने खासगी लोकांना देऊन टाकले. त्यातला एक गेरा शहरातला. आजच्या जर्मनीतल्या ऑनलाइन जुगाराच्या कायद्याचं कूळ शोधायला गेलं की मला हेच कागद आधी हाती लागतात.

पश्चिमेत हा धंदा राज्य सरकारांच्या लॉटरी कंपन्यांकडे होता. परवान्याविना जुगार चालवला तर दंडसंहितेचं 284वं कलम थेट तुरुंग दाखवतं. पण एकीकरण कराराच्या 19व्या कलमाने पूर्वेच्या प्रशासनाचे निर्णय कायम ठेवले. देश गेला, परवाने उरले! इंटरनेट आल्यावर परवानाधारक म्हणू लागले, आमचा परवाना सगळ्या जर्मनीत चालतो. व्हिएन्नाची बेटअँडविन, म्हणजे पुढची बीविन, असाच एक सॅक्सनीतला परवाना पाठीशी घेऊन बाजारात उतरली. 2006 मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की या कागदाला पश्चिमेत किंमत नाही.

त्याच वर्षी 28 मार्चला कार्ल्सरूहच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने मात्र सरकारचेच कान उपटले. राज्यांचा युक्तिवाद होता की मक्तेदारी लोकांना व्यसनापासून वाचवण्यासाठी आहे. मग तुमच्याच 'ऑडसेट' पैजांच्या एवढ्या जाहिराती कशासाठी, असा न्यायालयाचा सवाल. व्यसनाशी खरोखर लढा, नाहीतर बाजार खुला करा. मुदत 2007 अखेर. राज्यांनी पहिला रस्ता धरला, तोही कागदावर: त्यांच्या आपसातल्या 2008 च्या करारात इंटरनेटवरचा जुगार सरसकट बंद. बारमधली नाण्यांची यंत्रं तेवढी चालूच राहिली, कारण ती केंद्राच्या कायद्याखाली. हा दुटप्पीपणा 2010 मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानेही काही खटल्यांत दाखवून दिला. त्यातल्या एका खटल्यात जिब्राल्टरच्या कंपनीला श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये पैजा घ्यायच्या होत्या.

आणि नेमकं हेच राज्य फुटलं. 2012 मध्ये त्याने स्वतःच्या वेगळ्या कायद्याखाली ऑनलाइन कॅसिनोंना परवाने वाटले. सरकार बदललं, 2013 मध्ये कायदा मागे घेतला, पण दिलेले परवाने चालू राहिले. त्यामुळे देशभर दिसणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिरातीत निवेदक भराभर बजावायचा: फक्त श्लेस्विग-होल्स्टाइनच्या रहिवाशांसाठी. म्युनिकमध्ये बसून हे ऐकणाऱ्याने काय करायचं? तो सरळ खेळायचा. उरलेल्या 15 राज्यांनी खेळांच्या पैजांसाठी 20 परवाने ठरवले होते; ते वाटप कोर्टकचेऱ्यांत अडकलं. देशभर चालणारे पहिले परवाने मिळाले ते थेट 2020 मध्ये.

1 जुलै 2021 ला सोळाही राज्यांचा नवा करार लागू झाला आणि ऑनलाइन स्लॉटना परवानगी मिळाली. पण अटी अशा की खेळणाऱ्याला कंटाळाच यावा. एका फेरीला जास्तीत जास्त 1 युरो, फेरी किमान 5 सेकंदांची, आपोआप फिरणं बंद. सगळ्या कंपन्या मिळून महिन्याला साधारण 1000 युरोच भरता येतात. स्लॉटच्या जाहिरातीत 'कॅसिनो' शब्द वापरायचा नाही. हे सांभाळणारी कचेरी सॅक्सनी-अनहाल्टमधल्या हाले शहरात आहे, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीत. मला या अटींत 2006 च्या निकालाचा धाक दिसतो: व्यसन रोखतो म्हणालात ना, मग रोखून दाखवा.

मागचा हिशेब मात्र मिटलेला नाही. 2021 पूर्वी विनापरवाना कॅसिनोंत हरलेले जर्मन खेळाडू, करारच बेकायदा होता म्हणून पैसे परत मागतात, आणि तिथली अनेक न्यायालयं ते मान्यही करतात. पण बऱ्याच कंपन्या माल्टाच्या. माल्टाने 2023 मध्ये कायदा करून, आपल्या परवानाधारकांविरुद्धचे असले परदेशी निवाडे अमलात आणायला स्वतःच्या न्यायालयांना मनाई केली आहे.