सोळा घरांचा ठेका

१९८२ साल. मुंबईत जानेवारीपासून गिरण्या बंद होत्या. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते. इकडे ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. आणि त्याच वर्षी एचएमव्हीने चरणजित सिंग नावाच्या मुंबईच्या वादकाची एक रेकॉर्ड काढली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. पहिल्या दोन गोष्टींची नोंद राहिली. तिसरी जवळपास तीस वर्षं कुणाच्या गावीही नव्हती.

मी तिच्यापाशी पोचलो ते रहाटणीतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये, रात्री दीड वाजता. आठ महिने माझ्याकडून एकही ट्रॅक पुरा झाला नव्हता.

तसं सामान भरपूर होतं. लॅपटॉपवर नुसत्या किक ड्रमचेच हजारेक आवाज साठवलेले. संध्याकाळी बसायचो, तासभर किक निवडायचो, मग वाटायचं कालची बरी होती. फोल्डरमध्ये सत्तरेक सुरुवाती आणि शेवट एकाचाही नाही. एके दिवशी लॅपटॉपच बंद पडला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो तसाच परत आणला. घरात उरला होता लॉकडाऊनमध्ये बहिणीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅबलेट. काचेला एका कोपऱ्यात तडा, जागा जेमतेम. त्यावर एक साधं ड्रम मशीनचं ॲप बसलं. पडद्यावर एका ओळीत सोळा चौकोनी घरं. बोट लावलं की घर पेटतं आणि पाळी आली की तिथे आवाज होतो. बस्स, एवढंच.

ही सोळा घरं आली कुठून, हे शोधता शोधता चरणजित सिंग भेटले.

सिंग हे हिंदी सिनेमातले 'सेशन म्युझिशियन'. गिटार, बेस, नंतर की-बोर्ड, शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन अशा संगीतकारांकडे वाजवणारे. गाणं सगळ्या देशाने ऐकायचं आणि वाजवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसायचं, अशी ती नोकरी. ऐंशीच्या आसपास डिस्कोची लाट आली. 'कुर्बानी' १९८०चा, 'डिस्को डान्सर' १९८२चा. सिंग यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची नुकतीच बाजारात आलेली यंत्रं आणली होती : ताल धरणारं टीआर-८०८, बेस वाजवणारं टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८.

त्यातलं ८०८ म्हणजे माझ्या पडद्यावरच्या सोळा घरांचं मूळ. त्याच्या तळाशी सोळा रंगीत बटणांची रांग होती. हवं तिथे बटण दाबायचं, की ठेका तयार. ३०३ ही चंदेरी डबी मात्र भलत्याच कामासाठी बनवलेली. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बेसची साथ मिळावी, हा तिचा हेतू. तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा अजिबात नव्हता आणि सूर भरण्याची पद्धत डोकेदुखी. पण तिच्यात एक सोय होती : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. गिटारवाल्यांना तिचं अप्रूप नव्हतं. राग ऐकत मोठा झालेल्या माणसाला मात्र त्या घसरण्यात मींड ऐकू आली असणार.

सिंग यांनी तबला बाजूला ठेवला. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग घेतले आणि त्यांच्याखाली न थकणारा यांत्रिक ठेका लावला. आज ही रेकॉर्ड ऐकली तर ती १९८२ची आहे यावर विश्वास बसत नाही. तेव्हा ती फारशी खपली नाही आणि सिंग आपल्या कामाला लागले.

आता शिकागोला जाऊ. तिथे १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, आणि प्रेक्षकांनी मैदानात घुसून धुडगूस घातला. डिस्को संपला, असं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. पण त्याच शहरात 'वेअरहाउस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे जुना डिस्को लांबवून, त्याखाली ड्रम मशीनचे ठोके घालून वाजवत होता. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले कित्येक समलिंगी. त्यांना शहरात दुसरीकडे अशी मोकळीक नव्हती. 'वेअरहाउस'मधलं संगीत म्हणून त्याचं नाव 'हाउस' पडलं.

दरम्यान, १९८४ पर्यंत ३०३ चं उत्पादन बंद झालं होतं. जुन्या वस्तूंच्या दुकानात ती डबी स्वस्तात पडून असे. फ्यूचर नावाच्या तीन पोरांच्या गटाने ती घेतली. वापरायची कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. बेसची धून चालू असताना त्यांनी नुसती वरची बटणं पिळायला सुरुवात केली आणि आवाज चिरकायला, बुडबुडायला लागला. त्यातून 'ॲसिड ट्रॅक्स' तयार झाला. तो १९८७मध्ये बाजारात आला. अकरा मिनिटांच्या वर लांब, आणि त्यात बदलतो तो जवळजवळ एकच आवाज.

२०१०मध्ये एका डच लेबलने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा 'ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला' अशी हेडलाइन सगळीकडे फिरली. छाती फुगवायला छान आहे, पण खरी नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. सिंग यांनाही असलं काही नाव माहीत नव्हतं. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. एकमेकांची खबर नसलेली माणसं दोन शहरांत एकाच डबीपाशी बसली आणि तिच्यात जे होतं तेवढ्यातच त्यांनी काम पुरं केलं. पुढे म्हातारपणी सिंग यांना युरोपातल्या तरुण गर्दीसमोर हे दहा राग वाजवायला मिळाले. २०१५च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं.

तिसरं शहर डेट्रॉईट. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचं कौतुक करताना या शहराची उपमा हमखास येते. चेन्नईवालेही तिच्यावर हक्क सांगतात. उपमा देणारे मोटारींपाशी थांबतात. १९५०मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, १९९०मध्ये सव्वादहा लाखांच्या आसपास. कारखाने गेले, माणसं गेली, वस्त्या ओस पडल्या. तिथल्या रॉबर्ट हूड याने १९९४मध्ये 'मिनिमल नेशन' काढली. तेव्हा क्लबमधलं टेक्नो दिवसेंदिवस भरगच्च आणि वेगवान होत चाललं होतं. हूडने उलट केलं : मोजकी यंत्रं, मोजके सूर, बाकी सगळं काढून टाकलं. हीच काटछाट हाउसमध्येही झाली आणि 'मिनिमल हाउस' म्हणून युरोपभर पसरली. मिनिटाला एकशेवीस-पंचवीस ठोके, खाली दोन-तीन सुरांचा बेस, मध्ये एखादी टिकटिक. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, यात काही होतच नाहीये.

असं म्हणणाऱ्याला मी तबल्याचा सोलो ऐकवतो. सारंगी किंवा पेटीवर लेहरा चालू असतो, तेच ते सूर पुन्हा पुन्हा. त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही. तो स्थिर असतो म्हणून तबल्यातला बारीकसा बदलही कानाला कळतो. मिनिमल हाउस मला असंच ऐकू येतं.

टॅबलेटचं पर्व यानंतरचं. एप्रिल २०१०मध्ये आयपॅड आला. त्याच वर्षी गोरिलाझ या बँडच्या डेमन अल्बर्नने अमेरिकेच्या दौऱ्यात 'द फॉल' हा अल्बम बराचसा त्याच्यावरच बनवला. कधीकाळी सिंगापूरहून आणावी लागणारी यंत्रं आता नक्कल होऊन बोटाखाली आली. ही सोय पुढे माझ्यासारख्याला नडली, कारण सगळंच मिळायला लागलं. लॅपटॉप गेला आणि टॅबलेटवर जागा नव्हती, तेव्हा कुठे मला शिकागोच्या पोरांइतकी अडचण मिळाली.

मी नियम केला. चारच आवाज घ्यायचे आणि निवडलेला बदलायचा नाही. किक ॲपमधली. बेस दोन सुरांचा. टिकटिकीसाठी कुकरच्या शिट्टीचा बारीक तुकडा, टॅबलेटच्याच माइकवर घेतलेला. चौथा आवाज बाबांकडून आला.

बाबांनी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलं. त्यांना विचारलं, प्रेसचा आवाज कसा असतो? त्यांनी जेवणाच्या टेबलावर मुठीने वाजवून दाखवला. एक जड ठोका, मग पत्रा सरकल्याची खरखर, पुन्हा ठोका. "यात फरक पडला की समजायचं, डाय गेली. मशीन बंद करायचं," ते म्हणाले. मी तेच रेकॉर्ड केलं.

नवव्या रात्री ट्रॅक सहा मिनिटांचा झाला. सकाळी बाबांच्या कानाला हेडफोन लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. मी विचारलं, "मधली शिट्टी कशी वाटली?"

"कुठली शिट्टी?"

प्रेसवर राहून त्यांचे वरचे सूर कधीच गेलेत. पक्ष्यांचा आवाज येत नाही, फोनची रिंग येत नाही. मला हे माहीत होतं. तरी ट्रॅक बनवताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्री मी शिट्टीचं घर विझवलं. उरली किक, बेसचे दोन सूर आणि टेबलावरची मूठ. पुन्हा ऐकलं, तर शिट्टीची गरज नव्हतीच. फाइलला नाव दिलं, 'भोसरी ३'. आठ महिन्यांत पुरी झालेली ही पहिलीच फाइल.

बाबांनी ती पूर्ण ऐकली. चौथ्या मिनिटाला, जिथे मी ठोका अर्धं घर पुढे सरकवलाय, तिथे त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "इथे बदलला."