जीपच्या पोटाखालचा इतिहास

जीपविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, ते बहुधा तिच्याकडे बाहेरून पाहून लिहिले गेले. धुरळा उडवीत गावात शिरणारी साहेबाची जीप, निवडणुकीतली भोंगा लावलेली जीप, लग्नाचे वऱ्हाड वाहणारी जीप ही चित्रे आपल्या कथा-कादंबऱ्यांच्या आणि चित्रपटांच्या वाचक-प्रेक्षकांना परिचित आहेत. परंतु या वाहनाच्या पोटाखाली वाकून पाहण्याचे कष्ट मराठीत फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत. तेथे चेसीला मारलेल्या लोखंडी पट्ट्या असतात, जागा बदललेले कमानींचे ब्रॅकेट असतात, एकावर एक चढलेल्या वेल्डिंगच्या रेषा असतात. जुन्या हस्तलिखितातील मूळ संहिता आणि नंतरचे प्रक्षेप वेगळे काढण्याचे शिक्षण आपण घेतलेले असते. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या जीपखाली ते शिक्षण अगदीच वाया जात नाही.

मूळ संहिता अर्थातच परकी आहे. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने पाव टन ओझे वाहणारी, चारही चाकांना गती मिळणारी हलकी गाडी मागितली. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला आणि १९४१ पासून विलिस व फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. येथे ‘पाव टन’ हे शब्द लक्षात ठेवावेत, पुढची सारी कहाणी त्यांच्याभोवती फिरते. या गाडीचा सांगाडा म्हणजे जमिनीवर आडवी टाकलेली शिडीच. दोन लांब पन्हळी, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि सांध्यांवर रिबिटा. पन्हळ एका बाजूने उघडी असल्यामुळे ती थोडी पिळली जाते. हा दोष नव्हे. खाचखळग्यांत एक चाक वर आणि एक खाली गेले तरी सांगाडा जरासा मुरडतो आणि चाके जमीन सोडत नाहीत. उघड्या पन्हळीच्या तोंडावर पट्टी लावून ती बंद केली, की तिचा पीळ सहन करण्याचा ताठपणा कित्येक पटींनी वाढतो. अशी नवी ताठ जागा जेथे संपते आणि जुनी लवचीक पन्हळ जेथे सुरू होते, नेमका तेथे सारा ताण जाऊन बसतो.

१९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. तिचे भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले आणि त्या सुमारास मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी होऊ लागली. (फाळणीचा इतिहास जीपच्या नावपट्टीपर्यंत पोचतो, तो असा.) २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यातल्या माणसाला ठाऊक झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी सरकार पाहिले ते बहुधा जीपमधून उतरतानाच. त्या जीपमध्ये चार-पाच माणसे आणि काही दप्तरे असत. चेसीला तक्रार करण्याचे कारण नव्हते.

कारण निर्माण झाले ते दोन बाजूंनी. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलवरच्या जीपा पोसणे परवडेना. जुने इंजिन उतरवून त्या जागी ट्रॅक्टरचे किंवा अन्य डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत गावोगावी रूढ झाली. डिझेल इंजिन वजनदार आणि थरथरणारे. हलक्या इंजिनासाठी केलेल्या पन्हळींना इंजिनाच्या बैठकीपाशी आणि स्टिअरिंग बॉक्सपाशी भेगा पडू लागल्या. दुसरे कारण म्हणजे वडाप. जेथे एस.टी. दिवसातून दोनदाच येते, तेथे जीप हीच एस.टी. झाली. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, करमाळा या तालुक्यांतील आडरस्त्यांवर ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत जीपांनी जी माणसे वाहिली, त्यांची मोजदाद पाव टनाच्या हिशेबात बसणारी नाही. पुढच्या काळातील लांब जीपा अधिक माणसांसाठीच केलेल्या होत्या हे खरे. पण आत दहा, मागे लटकलेले पाच आणि टपावर बाजाराची पोती, हे कोणत्याच कारखान्याच्या आराखड्यात नव्हते.

सोलापूरच्या गॅरेजांत यावर जो उपाय निघाला, त्याला ‘पट्टी मारणे’ असे साधे नाव आहे. काम मात्र साधे नाही. भेग प्रथम घासून स्वच्छ करायची. ती जेथे संपते तेथे बारीक भोक पाडायचे, म्हणजे भेग पुढे धावत नाही. मग भेगेला खाच देऊन ती वेल्डिंगने भरायची, घासून सपाट करायची आणि वरून पट्टी चढवायची. पट्टीची टोके सरळ कापणारा मिस्त्री कच्चा समजावा. टोके तिरकी कापली, तर वेल्डिंगची रेषा पन्हळीला एकाच जागी आडवी छेदत नाही आणि ताण हळूहळू पसरतो. पन्हळीच्या वरच्या आणि खालच्या काठांना हात लावायचा नाही, भोक पाडायचे तर मधल्या उभ्या भागातच, हाही दंडक. कारण गाडी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण त्या काठांवर येतो. प्रस्तुत लेखकाला हे समजावून सांगणाऱ्या मिस्त्रींनी ‘ताण’ हा शब्द वापरला नाही. ते म्हणाले, “सर, लोखंड जिथं दमतं तिथं त्याला टोचू नये.”

कमानीचे ब्रॅकेट बसविणे त्याहून जिकिरीचे. पाट्यांचे एक टोक पक्क्या पिनेवर आणि दुसरे झुलत्या शॅकलवर असते. पाटे दबले की लांबतात, म्हणून त्यांना ती मोकळीक लागते. ब्रॅकेट खाली-वर किंवा पुढे-मागे सरकविले की गाडीची उंची, आसाची जागा आणि स्टिअरिंगचा स्वभाव हे सारे बदलते. दोन बाजूंचे ब्रॅकेट बोटभर चुकले तरी गाडी तिरकी चालते. म्हणून पिनांच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा करतात आणि दोरीने दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण सारखे भरले तरच वेल्डिंगला हात लावायचा. भूमितीची ही प्रात्यक्षिके कोणत्याही अभ्यासक्रमाविना चालू होती.

शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. ‘कमान’ हा शब्द फारसी, मूळ अर्थ धनुष्य. आपल्याकडे तो टांग्याच्या पोलादी पाट्यांना लागला आणि तेथून कोणतीही अडचण न येता जीपखाली गेला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’मध्ये (१९१५) सुतार-लोहार बलुतेदार म्हणून भेटतात. त्यांच्या हातांतील विद्या या गॅरेजांत काही प्रमाणात जिरलेली दिसते. बैलगाडीच्या चाकावर लाल तापलेली धाव चढविणाऱ्या लोहाराला पाट्याला पाणी कसे द्यावे, हे नव्याने शिकावे लागले नसणार. सोलापूरचे वेगळेपण असे, की त्याच गॅरेजात मिस्त्री तेलुगूत हाक मारतो, पोरगा दखनीत उत्तर देतो, गिऱ्हाईक कन्नडमिश्रित मराठीत भाव करते आणि सुटे भाग सगळे इंग्रजी असतात. ‘शॅकल’, ‘बुश’, ‘हँगर’ हे शब्द मराठी नाहीत असे म्हणण्याचे धाडस आता कोणी करू नये.

असो. या कौशल्याचे कौतुक करताना एक अस्वस्थता लपविता येत नाही. पट्टी मारलेली चेसी आणि एक पाटा वाढविलेली कमान ही मुळात भेग थांबविण्यासाठी केलेली दुरुस्ती. पण मालकाच्या दृष्टीने ती आणखी चार माणसे कोंबण्याची परवानगी ठरे. पाट्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा कडकपणा आठपट होतो. गाडी बसत नाही, म्हणून ओझे जाणवत नाही. ब्रेक मात्र तेच राहतात, टायरही तेच. मी स्वतः काही वर्षे तालुक्याच्या महाविद्यालयात अशाच जीपने जात असे. माझ्या वर्गातील निम्म्या मुली त्याच वडापने येत, आणि ते नसते तर त्यांचे शिक्षण दहावीलाच थांबले असते, हे मला नेमके ठाऊक होते. एके सकाळी वळणावर मागचा मुख्य पाटा तुटला आणि जीप शेतात उतरून कलंडली. कोणी दगावले नाही. एका मुलीचा हात मोडला आणि घरच्यांनी तिला पुन्हा पाठविले नाही. त्या पट्ट्यांनी मुलींना महाविद्यालयात आणले असे लिहावे, की त्यांनी ती एक मुलगी घरी बसविली असे लिहावे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधन घालते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलांत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही कडक झाली. कायद्याचा रोख योग्यच आहे. मात्र २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांतून दवाखान्यात आणि परीक्षेला माणसे कशातून गेली, हेही विसरून चालणार नाही.

आज या गॅरेजांकडे हौशी मंडळी अधिक येतात. त्यांना जुनी जीप डोंगरात न्यायची असते, म्हणून उंच ब्रॅकेट आणि बंद पन्हळ हवी असते. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या जीपखाली मिस्त्रींनी मला वाकायला लावले. उजव्या पन्हळीवर पुढच्या बाजूला नवी पट्टी चढली होती आणि तिच्या मधोमध चार बोटे लांबीची चौकोनी खिडकी कापलेली होती. खिडकीतून चेसीवर ठोकलेला मूळ क्रमांक दिसत होता. त्यावर मिस्त्रींनी ग्रीस लावले होते, गंज चढू नये म्हणून.