नापसंती आणि अप्रीति

शब्दकोशांत एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर फार तर भाषांतर बिघडतें. कायद्यांत तो बदलला तर माणूस तुरुंगांत जातो. ‘डिस्अप्रोबेशन’ आणि ‘डिस्अफेक्शन’ या दोन इंग्रजी शब्दांचा हिंदुस्थानांतील इतिहास हें याचें ठळक उदाहरण होय. पहिल्याचा अर्थ नापसंती. दुसऱ्याला मराठींत अप्रीति म्हणतां येईल. पहिलीला कायद्यानें मुभा दिली, दुसरीला शिक्षा सांगितली. आणि दोहोंमधील रेषा कोठें आंखावी, या प्रश्नावर संपादकांचें स्वातंत्र्य कित्येक वर्षें अवलंबून राहिलें.

मेकॉलेनें १८३७ सालीं तयार केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यांत राजद्रोहाचें कलम होतें. पुढें १८६० सालीं संहिता मंजूर झाली तेव्हां तें गळालें, आणि १८७० सालीं ‘१२४ अ’ हा आंकडा घेऊन परत आलें. सरकारविषयीं अप्रीति उत्पन्न करणें अथवा तसा प्रयत्न करणें हा गुन्हा ठरला. मात्र त्याला एक स्पष्टीकरण जोडलें होतें: सरकारची आज्ञा पाळण्याची व तिला पाठिंबा देण्याची वृत्ति कायम ठेवून त्याच्या कृत्यांविषयीं नापसंती दाखविणें ही अप्रीति नव्हे. वाक्य स्वच्छ दिसतें. परंतु टीका वाचून वाचकाचें मन सरकारपासून दुरावलें, तर लेखकानें नापसंती व्यक्त केली कीं अप्रीति पसरविली, हें ठरवावयाचें कोणी?

हा प्रश्न प्रथम १८९१ सालीं कलकत्त्यास उपस्थित झाला. संमतिवयाच्या कायद्यावर ‘बंगवासी’ पत्रानें कडक टीका केली, आणि मालक जोगेंद्रचंद्र बोस व त्यांचे सहकारी यांवर खटला भरण्यांत आला. मुख्य न्यायमूर्ति सर कोमर पेथरॅम यांनीं ज्यूरीला या दोन शब्दांतील भेद समजावून दिला. एखाद्याचे विचार वा वर्तन आपणांस पटत नसतें, तरी त्या माणसावर आपला लोभ असूं शकतो, ती नापसंती. अप्रीति म्हणजे प्रीतीच्या उलट भावना, अर्थात् तिटकारा किंवा द्वेष. ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. पुढें माफी मागितली गेली आणि खटला निकालांत निघाला. व्याख्या मात्र मागें उरली.

सहा वर्षांनीं ती मुंबईस आली. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तानें लोक त्रासले होते. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकांत शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता छापली गेली, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, जुलैअखेर लोकमान्य टिळकांना अटक झाली. सप्टेंबरांत मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीला सांगितलें, कीं ‘डिस्अफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, तिरस्कार आणि सरकारविषयींची हरएक प्रकारची दुर्भावना तिच्यांत येते. सरकारच्या कृत्यांवर वाटेल तितकी कडक टीका करावी, पण खुद्द सरकारविषयीं दुर्भावना उत्पन्न करूं नये, असा त्यांचा आशय होता. ज्यूरींतील सहा युरोपियनांनीं टिळकांना दोषी ठरविलें, तिघां हिंदी सभासदांनीं निर्दोषी. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्याला परक्या सत्तेविषयीं प्रेम नाहीं त्याच्या मनांत शत्रुत्वच असलें पाहिजे असें नाहीं. तो केवळ उदासीनहि असूं शकेल. ‘अभाव’ या शब्दानें त्या उदासीन माणसालाहि गुन्ह्याच्या उंबरठ्यावर आणून उभें केलें.

हा अर्थ त्याच हायकोर्टांत सर्वांस मान्य झाला नाहीं. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राच्या अपिलांत पूर्णपीठापुढें हाच शब्द आला, आणि पीठावर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते. रानडे व टिळक यांचे सार्वजनिक मतभेद सर्वश्रुत होते. संमतिवयाच्या वादांतहि ते परस्परविरुद्ध बाजूंस उभे होते. तथापि रानड्यांनीं निःसंदिग्धपणें लिहिलें, कीं ‘डिस्अफेक्शन’ म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव नव्हे. ती राजनिष्ठेला छेद देणारी, सत्तेची अवज्ञा करावयास लावणारी प्रत्यक्ष विरोधी भावना होय. आरोपींचा दोष कायम राहिला. परंतु शब्दाची मर्यादा पुन्हां आंखली गेली.

सरकारनें १८९८ सालीं कलम दुरुस्त केलें. अप्रीतींत बेइमानी व सर्व प्रकारच्या वैरभावनांचा समावेश झाला, आणि द्वेष व तुच्छता हे दोन शब्द नव्यानें आले. नापसंतीची मुभा दोन स्पष्टीकरणांत मांडली गेली, पण टीकेनें द्वेष, तुच्छता वा अप्रीति चेतवूं नये ही अट कायम होती. दुसरा खटला याच दुरुस्त कलमाखालीं १९०८ सालीं चालला. १८९७ सालीं टिळकांच्या जामिनासाठीं झगडलेले दिनशा दावर आतां न्यायासनावर होते. मराठी लेखांचा न्याय इंग्रजी भाषांतरावरून व्हावयाचा होता. मूळ शब्दांची छटा भाषांतरांत विकृत झाली आहे, असें दाखविण्यासाठीं टिळकांनीं सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी केली. तरी सातांविरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१६ सालीं मात्र हायकोर्टानें, भाषणें समग्र वाचून पाहतां, त्यांजवरील जामिनाचा हुकूम रद्द केला.

महात्मा गांधींनीं १९२२ सालीं अहमदाबादेस गुन्हा कबूल करतांना या वादाचें मूळच दाखवून दिलें: प्रीति कायद्यानें निर्माण करतां येत नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें हें कलम सार्वजनिक शांततेच्या भंगाशीं बांधून टाकलें. २०२२ सालीं त्याची अंमलबजावणी स्थगित झाली. आणि १ जुलै २०२४ रोजीं जुनी संहिताच गेली. नव्या न्यायसंहितेच्या १५२ व्या कलमांत ‘डिस्अफेक्शन’ हा शब्द नाहीं. ‘डिस्अप्रोबेशन’ मात्र त्याच्या स्पष्टीकरणांत अजून आहे, आणि सनदशीर मार्गानें बदल व्हावा म्हणून सरकारच्या कृत्यांविषयीं नापसंती दाखविणाऱ्याला तें आजहि मुभा देतें. ती किती रुंद, हें पूर्वींप्रमाणेंच अर्थ लावणाऱ्यांच्या हातीं आहे.